देवाच्या वाटणीचा स्पीकर

सेक्टर २२, चंदीगड
१२ जून १९८८

चि. माधव,

आंतरदेशीय पत्रात जागा थोडी, म्हणून तुला आणि उल्काला आशीर्वाद एका ओळीत देऊन कामाचं लिहिते. आम्ही सुखरूप आहोत. तू पेपरात पंजाबातल्या गोळीबाराचं वाचून घाबरत असशील, पण दूध येतं, भाजी येते, मीनाक्षीची शाळा चालू आहे. एवढंच, की दिवेलागणीच्या आत सगळे घरात. हे प्रयोगशाळेतून पूर्वी आठला यायचे, आता सहाला येतात. मला तर बरंच झालं.

आता काम. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आम्हा बायकांचं अर्धा तास भजन असतं, हे तुला ठाऊक आहे. मीच सुरू केलेलं. गेल्या वर्षी ऐन रंगात स्पीकरनं अशी शिट्टी मारली की लोकांनी कानात बोटं घातली. स्पीकरवाला धावत जाऊन आवाज कमी करी, मग आम्ही कुणाला ऐकू येत नव्हतो. वाढवला की पुन्हा शिट्टी. घरी आल्यावर मीनाक्षी म्हणते, "मम्मी, आपके भजन में सिर्फ सीटी समझ में आई." तिचं मराठी असंच, समजतं सगळं, बोलते हिंदी.

परवा बैठक झाली. आमचे चिटणीस विनायकराव युनिव्हर्सिटीत शिकवतात, गोड बोलून सुरी फिरवतात. म्हणाले, "वहिनी, यंदा सगळं उजेडात संपवायचंय. वेळ कमी. भजन काय, घरोघरीही होतं. तो अर्धा तास मुलांच्या अंताक्षरीला देऊ या का?" मी म्हटलं, "देवापुढे अंताक्षरी आणि भजन घरी?" शेवटी ठरलं, ऑगस्टात हॉलमध्ये सगळ्यांसमोर चाचणी. शिट्टी वाजली तर भजन कार्यक्रमातून बाद.

माधव, तू ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतोस. रोज स्पीकरशी तुझा संबंध. काय करू ते सविस्तर लिही. आणि एक विचारायचं नेहमी राहतं. बाकीच्यांच्या गिटारला सहा तारा आणि तुझ्या गिटारला चारच, तरी म्हणे तुझी महाग. हा कुठला व्यवहार?

तुझी
ताई

*

पुणे
२१ जून १९८८

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या पत्रात समासालाही जागा नव्हती, कडेकडेनं फिरवून वाचलं. नरेशराव सहाला घरी येतात हे वाचून उल्का म्हणाली, यांच्यासाठीही कुणीतरी असा हुकूम काढा.

आधी चार तारांचं. सहांतल्या बारीक दोन मला लागतच नाहीत. मला जाड चार हव्यात, आणि त्याही एक सप्तक खाली. कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी जाडी असते एकेकीची. नव्या तारांचा संच घ्यायचा तर जिवावर येतं, म्हणून आम्ही जुन्याच पाण्यात उकळतो. बोटांचा घाम आणि मळ वेढ्यांत बसून त्या मुक्या होतात. उकळून, पुसून, वाळवून चढवल्या की महिनाभर पुन्हा टणटणतात. मागच्या वेळी मी चुकून उल्काच्या दुधाच्या पातेल्यात उकळल्या. त्यानंतर घरात तारांपेक्षा तीच जास्त मुकी होती.

आता आवाजाचं. टाळ माइकपासून लांब. टाळांचा आवाज धारदार, माइक आधी तोच उचलतो. माइक एक नको, दोन घ्या, आणि गाणारीचं तोंड माइकपासून वीतभर. लांब बसून गायलं की माणूस आवाज वाढवतो आणि शिट्टी येते. एको, म्हणजे आवाज घुमवायचं बटण, असेल तर बंद करायला लाव.

आणि मुख्य म्हणजे शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहा. जाड आवाज गाणाऱ्याजवळ पोकळ लागतो आणि लांब जाऊन भरतो. नवखा बेसवाला स्वतःला ऐकू येत नाही म्हणून वाढवत सुटतो, आणि मागच्या माणसाच्या बरगड्या हलतात. मी कार्यक्रमाआधी लांब वायर लावून, गिटार गळ्यात घेऊन पार दाराशी जातो. तिथे नीट वाटलं की स्टेजवर कसं का वाटेना, बटणाला हात लावत नाही. स्टेजवर आपल्याला येतं ते ऐकणं खरं नव्हे.

तुझा
माधव

*

चंदीगड
१० जुलै १९८८

चि. माधव,

मधे इकडे दोनदा सगळं बंद होतं, पोस्टही. काळजी करू नकोस. डाळ-तांदूळ भरलेला असतो माझा.

तारा उकळायचं वाचून मला फार बरं वाटलं. आपल्या घरचं वळण आहे. मी यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "प्रयोगशाळेत आम्हीही हेच करतो, फक्त इंग्रजीत."

तू सांगितलंस ते सगळं केलं. स्पीकरवाले गुरमेलसिंग इथेच बाविसातले. लग्नं आता दुपारीच उरकतात म्हणून त्यांचं काम थंडावलंय, त्यामुळे रविवारी सामान घेऊन आनंदानं हॉलवर आले. माणूस भला, पण एकोचं भारी वेड. "बहनजी, थोड़ा सा एको पा दूँ? आवाज पहाड़ों से आती लगेगी." मी म्हटलं, "भाईसाहब, हमारे भगवान पहाड़ पे नहीं, सामने बैठे हैं." तरी दर पाच मिनिटांनी त्यांचा हात त्या बटणाकडे जाई.

टाळ लांब ठेवले. दोन माइक. वीतभर अंतर. एको बंद. आणि मी पहिल्यांदाच भजन सोडून शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिले. माधव, तीन वर्षं आम्ही एवढ्या जीव तोडून गातो आणि मागे एक शब्द पोचत नाही रे! नुसता झांजांचा किणकिणाट. मग गुरमेलसिंगांनी आवाज चढवला, शब्द येऊ लागले, आणि आलीच तेवढ्यात ती मेली शिट्टी.

तुझी विद्या आमच्या कामाची दिसत नाही. ऑर्केस्ट्रातलं वेगळं असेल. दुसरं काही सुचत असेल तर लिही, चाचणी जवळ आली. वायरी उकळून चालतील का?

ताई

*

पुणे
१९ जुलै १९८८

ताई,

वायरी उकळू नकोस, देवाची शपथ.

मला एकच कळव. स्पीकर नक्की कुठे ठेवता? माइक कुठे, तुम्ही कुठे, लोक कुठे? मी समजून चाललो होतो, पण आता शंका येते. घाईत आहे, आज अहमदनगरला कार्यक्रम आहे आणि टेम्पो खाली उभा आहे.

माधव

*

चंदीगड
२८ जुलै १९८८

चि. माधव,

कुठे म्हणजे? जिथे असतात तिथेच. मंचावर मागच्या भिंतीला मखर. मखराच्या दोन्ही अंगांना समया, आणि समयांच्या मागे दोन मोठे स्पीकर, लोकांकडे तोंड करून. मखरापुढे आम्ही समोरासमोर दोन ओळींत बसतो, म्हणजे देवाकडे कुणाचीच पाठ नको. माइक आमच्या मधे. मंचाखाली लोक.

यात चूक काय आहे? आवाज देवाकडूनच यायला हवा ना! भजन आधी देवाला पोचतं, मग त्याच्याकडून लोकांना. नैवेद्याचं जसं असतं तसं. पहिल्याच वर्षी गुरमेलसिंगांनी स्पीकर पुढे कडेला मांडले होते. आमच्या वसुधाकाकूंनी ते उचलून मागे ठेवायला लावले. काकू मूळच्या सोलापूरच्या. मुलगा इथे मोठ्या इस्पितळात डॉक्टर आहे, त्याच्याकडे असतात. म्हणाल्या, "लोकास्नी आधी आणि देवाला मागनं? उष्टं ऐकवायचं व्हय त्याला?" ते आम्हा सगळ्यांनाच पटलं.

ताई

*

पुणे
५ ऑगस्ट १९८८

प्रिय ताई,

तुझं पत्र मी ड्रमवाल्या विश्वासला मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्ही दोघं हसलो, मग जरा वेळानं विश्वास म्हणाला, "पण म्हातारीचं म्हणणं चूक कुठे आहे?" तेव्हापासून विचार करतोय.

शिट्टी अशी होते. तू गातेस, ते माइक ऐकतो, स्पीकर बोलतो. तुमचे स्पीकर माइकच्या मागे आहेत, म्हणून स्पीकरनं बोललेलं माइक पुन्हा ऐकतो, स्पीकर तेच पुन्हा मोठ्यानं बोलतो, माइक पुन्हा ऐकतो. बिचाऱ्याला तुमचा आवाज कुठला आणि स्पीकरचा कुठला ते कळत नाही. त्याला उपाय एकच. स्पीकर माइकच्या पुढे, लोकांच्या बाजूला, आणि माइककडे त्यांची पाठ.

माझं स्वतःचं सांगतो. मोठे स्पीकर लोकांसाठी पुढे असतात, त्यातलं आम्हाला स्टेजवर धड काही ऐकू येत नाही. विश्वासचा उजवा पाय ढोलावर कधी पडतो ते मी डोळ्यांनी बघतो आणि बोट टाकतो. म्हणून आता आम्ही एक छोटा स्पीकर आमच्याकडे तोंड करून पायाशी ठेवतो. आमच्या वाटणीचा. त्यात आवाज हळूच, आणि माइकची पाठ त्याच्याकडे. तेव्हापासून गाणारी मंडळी निवांत गातात. पूर्वी ती स्वतःला ऐकू यावं म्हणून ओरडायची.

तर देवाची आणि काकूंची माफी मागून मोठे स्पीकर पुढे आणा. दुसरा इलाज नाही.

माधव

*

चंदीगड
२३ ऑगस्ट १९८८

चि. माधव,

काल चाचणी झाली. आधीपासून सांगते, नाहीतर तुला मजा कळायची नाही.

तुझं पत्र मी काकूंना वाचून दाखवलं. त्या अडून बसल्या. हॉलवर गुरमेलसिंग त्यांना समजावायला गेले, "माताजी, रब्ब तो बिना स्पीकर के भी सुन लेता है." काकूंना हिंदी येतं, पण उत्तर मराठीतच दिलं, "ऐकतोय म्हणून निवद दाखवायचा न्हाई का रे?" गुरमेलसिंगांना शब्द कळले नाहीत, सूर कळला. कान पकडून बाजूला झाले.

दारात विनायकराव घड्याळ बघत उभे. मी तुझं पत्र पुन्हा काढलं आणि "आमच्या वाटणीचा" यावर माझं बोट थांबलं. म्हटलं, काकू, मोठे दोन लोकांच्या वाटणीचे, पुढे. आणि छोटा एक देवाच्या वाटणीचा. मंचाच्या पुढच्या कडेला ठेवू, तोंड सरळ मखराकडे, आवाज हळूच, माइकची पाठ त्याच्याकडे. लोकांपेक्षा देव जवळ, म्हणजे आवाज आधी त्याला. काकूंनी उठून मखरापासून छोट्या स्पीकरपर्यंत चालून पाहिलं, मग पहिल्या खुर्चीपर्यंत. म्हणाल्या, "हां. आता बराबर हाय."

त्या देवाच्या स्पीकरच्या वाटेत आम्हीच बसलेल्या. त्यामुळे देवाला जाता जाता आम्हालाही ऐकू आलं. शिट्टी नाही! पहिल्या अभंगाला विनायकराव दाराशी होते, दुसऱ्याला बसले. संपल्यावर म्हणाले, "वहिनी, भजन पक्कं. पण हे डोकं कुणाचं?" मी म्हटलं, "काकूंचं आणि माझ्या भावाचं, अर्धं अर्धं."

पण त्यातून नवीनच निघालंय. आजवर गलक्यात कळलं नव्हतं, ते त्या छोट्या स्पीकरमुळे उघडं पडलं. काकू आमच्या सुरात गातच नाहीत. सूर तोच, पण खूप खाली, पुरुषासारखा घोगरा. मंडळातल्या एका कर्नलांच्या पत्नी प्रतिमाताई आमची पेटी वाजवतात. त्या मला हळूच म्हणाल्या, "सरोज, काकूंना टाळच द्या, गायला नको." बाकीच्याही त्यांच्याच बाजूच्या. माझ्याच्यानं सांगवत नाही. वय सत्तर, आणि गळा सोडला तर त्यांना दुसरा विरंगुळा नाही. पण भजन पुन्हा बिघडलं तर? गणपतीआधी लगेच उत्तर दे.

ताई

*

पुणे
३० ऑगस्ट १९८८

ताई,

काकूंना टाळ देऊ नका. माइक द्या.

तूच लिहितेस, सूर तोच पण खाली. ताई, त्या एक सप्तक खाली गातायत. म्हणजे माझ्या चार तारा! बेसुरं असतं तर गोष्ट वेगळी. तुम्हा सगळ्यांचे आवाज वरचे, पातळ. खाली कुणीतरी जमीन धरलेली असली की वरच्यांना चढायला भीती वाटत नाही. आमच्याकडेही नवे गायक येतात आणि म्हणतात, बेस जरा कमी करा, आमचा आवाज दबतो. मी वाद घालत नाही. तालमीत एका गाण्याला गिटार खाली ठेवून चहा प्यायला जातो. दुसऱ्या कडव्याला तेच हाक मारतात.

तूही तसंच कर. एकदा काकूंशिवाय म्हणून बघा, एकदा त्यांच्यासह, आणि प्रतिमाताईंना शेवटच्या रांगेत उभं कर. मग त्याच ठरवतील. काकूंना ओळीच्या टोकाला नको, मधोमध बसवा. जाड आवाज टोकाला ठेवला की सगळं भजन एका अंगाला कलतं.

आणि गुरमेलसिंगांना सांग, काकूंच्या माइकवर जाड आवाजाचं बटण वाढवू नका. गळ्यात आहे तेवढं पुरे. वाढवलं की घुमतं आणि शब्द जातात. ही चूक मी पाच वर्षं केली.

माधव

*

चंदीगड
२० सप्टेंबर १९८८

चि. माधव,

परवा विसर्जन झालं. घर रिकामं वाटतं. पण मन भरलेलं आहे, म्हणून आज आंतरदेशीय नाही, पाकीट घेतलं.

तू सांगितल्याप्रमाणे प्रतिमाताईंना मागे उभं केलं. काकू नसताना त्यांनी मान हलवली, छान आहे म्हणाल्या. काकूंसह म्हटल्यावर त्या तडक पुढे आल्या, काकूंचं बसकर स्वतः उचललं आणि मधोमध टाकलं. काकू म्हणतात, "काय गं, मला का हलवताय? हितं पंख्याचा वारा लागतो." त्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

आमचं भजन तिसऱ्या दिवशी दुपारी चारला. दारावर पोलीस. प्रत्येकीच्या पिशवीवरून धातू शोधायचं ते यंत्र फिरवत होते. टाळांच्या पिशवीवर ते असं काही किंचाळलं की सगळ्या रांगेनं मागे वळून पाहिलं. सगळे टाळ, समईचा दांडा, काकूंचा अडकित्ता, एकेक बाहेर काढून दाखवावं लागलं. शिट्टी वाजली ती तेवढीच!

आणि मग माधव, काय सांगू. मला माझा आवाज ऐकू येत होता. समोरच्या ओळीचाही. कुणी ओरडत नव्हतं. खालून काकू अशा चालल्या होत्या जशी दळणाची घरघर, आणि त्यावर आम्ही सगळ्या. प्रतिमाताई एका ठिकाणी पेटीवर चुकल्या, तर काकूंनी सूर सोडला नाही, त्या सुरावर सगळ्या परत आल्या. विनायकराव दरवर्षी भजन सुरू झालं की बाहेर जाऊन सिगरेट ओढतात, हे मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. यंदा शेवटच्या रांगेत बसून होते. दारावरचा तो पोलीसही आत येऊन, टोपी काढून भिंतीला टेकला होता. गजर संपला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांनी हात जोडले. भजनाला तेच हवं असतं.

विनायकरावांनी मंचावर येऊन सांगितलं, भजन पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी, आणि वेळ हवा तेवढा. अंताक्षरीवाल्या मुलांनी नाकं मुरडली. त्यात आमची मीनाक्षीही होती.

गुरमेलसिंगांनी सगळं कॅसेटवर भरून घेतलंय. एक तुला पाठवते आहे. गजराच्या शेवटी त्यांनी डोळा चुकवून थोडासा एको सोडलाच, तेवढा माफ कर.

तुझी
ताई

*

पुणे
९ ऑक्टोबर १९८८

प्रिय ताई,

कॅसेट मिळाली. आल्या आल्या उल्काच्या छोट्या टेपवर लावली. शिट्टी नाही, शब्द स्वच्छ, तुझा आवाज तर मी लगेच ओळखला. पण काकू कुठेच नाहीत. दोनदा ऐकली, कान लावून ऐकली. वाईट वाटलं. मग लक्षात आलं, हातात मावणाऱ्या स्पीकरमधून एवढा खालचा आवाज बाहेर येतच नाही. आमचीही रेकॉर्डिंगं घरी ऐकली की मी वाजवलंच नाही असं वाटतं. आई तर विचारायची, तू त्या दिवशी रजेवर होतास का.

म्हणून रविवारी तालमीला कॅसेट बरोबर नेली. सगळे यायच्या आधी माझ्या बेसच्या मोठ्या स्पीकरला जोडली आणि लावली. सुरुवातीला तुम्ही सगळ्या आलात. मग दुसऱ्या ओळीला खालून त्या आल्या. ताई, जमिनीतून आल्यासारख्या. मी गिटार गळ्यात अडकवली होती, त्यांच्याबरोबर वाजवावं म्हणून. नाही वाजवली. जागाच नव्हती.

विश्वास चहाचा पेला घेऊन आत येत होता. दारातच थांबला. थोडा वेळ ऐकलं, मग माझ्या हातांकडे बघितलं, ते मोकळे होते. म्हणाला, "माधव, बेस कोण वाजवतोय?"

मी म्हटलं, "वाजवत नाही कुणी. सोलापूरच्या एक बाई गातायत. वय सत्तर."

त्यानं पेला खाली ठेवला आणि ड्रमच्या मागे जाऊन बसला. पण काठ्या उचलल्या नाहीत. गजर संपेपर्यंत उजवा पाय तेवढा हलवत राहिला, काकूंच्या सुरावर.

काकूंना आम्हा दोघांचा नमस्कार सांग.

तुझा
माधव